मुठीची पावलं

“उठा बाई, गाडी निघाली तुमची.”

सिंधूमावशींनी माझ्या खोलीची कडी वाजवली तेव्हा मी जागीच होते. बाहेर शहाबादी फरशीवरून पत्र्याची पेटी ओढल्याचा खर्रर्र आवाज चालला होता. तो वसतिगृहातल्या खाटेपासून निघायचा, वऱ्हांडाभर फरफटत यायचा, पायऱ्यांवर धडाधड आपटायचा आणि मुरुमावरून घासत घासत गेटपाशी थांबायचा. रोज, दिवस उजाडता उजाडता. आत साठेक मुलं झोपलेली असत. त्यांतलं एकही त्या आवाजानं कूस बदलत नसे, कारण आमची शाळा मूकबधिर मुलांची होती. झोपमोड व्हायची ती आम्हा तिघांची: मावशींची, मुख्याध्यापक हलकुडे सरांची आणि माझी.

“काल म्या पेटी खाटेला सुंभानं बांधली व्हती,” मावशी म्हणाल्या. “चांगल्या गाठी मारल्या व्हत्या.”

“गाठी सोडायला कान कुठे लागतात, मावशी?”

“तुम्हाला हसाय सुचतंय. सांच्याला ती पेटी डोस्क्यावर घेऊन आत आणायची मलाच की.”

आम्ही दोघी बाहेर आलो. गेटच्या आत, लिंबाखाली, छबू पेटीवर बसली होती. पाठ शाळेकडे, तोंड रस्त्याकडे. वय असेल सातेक वर्षांचं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. हल्ली मी नव्या शिक्षिकांना शिकवते. आधी काय, मग काय, हे चित्रांच्या ओळीतून मुलांना कसं दाखवायचं याचा एक तास माझ्याकडे असतो. दोन चित्रांच्या मध्ये सगळे बाण काढतात, मी पावलं काढते. कुणी कारण विचारलं की मला छबूची पेटी आठवते आणि मग तास हमखास लांबतो.

तेव्हा मी नवी होते. पुण्याहून प्रशिक्षण घेऊन बार्शीला आले होते. शाळा कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या आवारात होती. माझ्याजवळ एक प्रमाणपत्र, दोन साड्या आणि छापील चित्रांच्या कार्डांचा एक डबा एवढा ऐवज होता, आणि त्या डब्याच्या जिवावर मी जग बदलणार होते.

छबू आली श्रावणात. तिचे वडील अंगद भूमकडच्या एका वाडीवर खव्याची भट्टी चालवायचे. लेकीला ऐकू येत नाही हे त्यांना कळायला तीन-चार वर्षं गेली आणि अशी शाळा असते हे कळायला आणखी तीन. ते तिला घेऊन आले तेव्हा सोबत ही पेटी होती आणि पेढ्यांचा पुडा होता. पुढे काय झालं ते मला मावशींनीच सांगितलं, कारण मी वर्गात होते.

“म्या म्हणलं, हिला पेढे खायाला बसवते, तुम्ही मागच्या दारानं सटका. समदे आईबाप तसंच करत्यात. समोरून गेलं की लेकरू पायाला मिठी मारतंय, मग त्येंचाबी पाय निघत न्हाई.”

अंगद सटकले. छबूनं पेढे खाल्ले, एक बापासाठी ठेवला आणि तो हातात घेऊन वळली तर बाप नव्हता. मी वर्गातून पाहिलं ते एवढंच, की एक नवी मुलगी हातात पेढा धरून खोली खोली हिंडते आहे. एखाद्या ऐकणाऱ्या मुलाला आपण सांगतो की बाबा बाजाराला गेलेत, येतील. छबूजवळ ‘बाबा’ हा शब्द नव्हता, ‘येतील’ हाही नव्हता. तिच्या दृष्टीनं बाप गेलेला नव्हता, नाहीसा झाला होता. दुसऱ्या दिवशी उजाडता पेटी पहिल्यांदा वाजली.

वर्गात तिला उचलूनच आणावं लागे. आणली की ती खिडकीकडे तोंड करून बसायची. मी इकडे माझ्या डब्यातली कार्डं फळ्यावर मांडायची. एक गोरा गुटगुटीत मुलगा पलंगावरून उठतो, चकचकीत बेसिनपाशी ब्रशनं दात घासतो, टेबलावर दूध पितो आणि पिवळ्या बसमधून शाळेत जातो. आमची मुलं हौदावर काळ्या मंजनानं दात घासायची. त्यांना तो मुलगा फार आवडायचा, पण तो काय करतो आहे याचा पत्ता नसे.

त्यात माझे बाण. उठणं, मग बाण, मग दात घासणं. मी पहिला बाण काढला तेव्हा नागनाथ नावाचा एक इरसाल मुलगा उभा राहिला, बाणाच्या टोकासमोर छाती धरली आणि धाडकन मेला. मरताना गळ्यातल्या पिशवीतलं श्रवणयंत्र मात्र त्यानं एका हातानं नीट जपलं. मग रांगच लागली. दर बाणाला एक जण मरायला तयार. बाण लागतो एवढंच त्यांना ठाऊक, तो वाट दाखवतो हे त्यांना कोण सांगणार! सगळा वर्ग लोळून हसत होता, मीही हसले. छबू हसली नाही.

एकदाच तिनं वळून फळ्याकडे पाहिलं. मी दुधाचं कार्ड लावलं होतं: चुलीवर दूध, बाण, पेल्यातलं दूध. ती तरातरा आली, पेल्याचं कार्ड काढून खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोल गोल फिरवू लागली. अंग पुढे झुकलेलं, मुठी आवळलेल्या, नजर खाली. नागनाथनं जत्रेतल्या पाळण्याची खूण करून दाखवली. मला वाटलं, दळायचं जातं. मावशी म्हणाल्या, “ताक घुसळतिया.” त्यांनी स्वयंपाकघरातून रवी आणून तिच्या हातात दिली. छबूनं ती रवी खिडकीतून बाहेर फेकली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसली.

हलकुडे सरांना हे हातवारे पसंत नव्हते.

“कुलथेबाई, हात बांधायला लावा. ओठ बघू दे तिला. यंत्रातून कानावर पडू दे. बोलली तर तरेल.”

“सर, तिला आधी इथे थांबू तर द्या. ती जेवतसुद्धा नाही धड.”

“ते मात्र खरं,” सर म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ गेटकडे बघत राहिले. माणूस करडा होता, पण त्या दिवसांत ते कचेरीतून उठून दोनदा तरी लिंबाखाली जाऊन तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून यायचे.

बाजाराच्या दिवशी मी पोस्टात निघाले होते. गेटबाहेर पलीकडे चहाची टपरी होती. तिच्या आडोशाला एक माणूस उभा होता, उपरणं डोक्यावरून तोंडावर ओढलेलं. आपल्याकडे कोणी पाहिलं की तो ट्रकमागे सरकायचा आणि पुन्हा डोकावायचा. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“कोण पाहिजे तुम्हाला?”

उपरणं खाली आलं. खाली झुपकेदार मिशी होती आणि डोळे लाल झाले होते.

“हळू बोला बाई. तिकडं लेकरू बसलंय माझं.”

“तुम्ही छबूचे वडील? मग इथे काय करताय? चला की आत.”

“न्हाई न्हाई. दिसलो तर मागं लागंल. दर बाजारी खवा घालायला येतो, जाता जाता हितनं बघून जातो. मावशी म्हणल्या व्हत्या, थोडे दिस तोंड दावू नका, इसरंल.”

“विसरली का?”

अंगदनी गेटकडे पाहिलं. छबू पेटीवर बसली होती आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक जीप मान वळवून वळवून बघत होती.

“म्या ठरीवलंय,” ते म्हणाले. “फुडल्या बाजारी घिऊन जातो तिला. तिच्या आईनं अन्न टाकलंय. आन् घरी काय आडतंय बाई? तिला समदं कळतं. येवढीशी हाय पण भट्टीवर खवा घोटते माझ्या संगं.” त्यांनी दोन्ही मुठी एकावर एक धरल्या, अंग पुढे झुकवलं आणि हवेत गोल गोल फिरवलं.

मी बघतच राहिले. जातं नाही, पाळणा नाही, ताक तर नाहीच. कढईतलं लांब दांड्याचं उलथनं! दूध आटवून जिथे खवा होतो त्या घरच्या पोरीला मी चुलीवरचं दूध थेट पेल्यात ओतून दाखवत होते.

“असं करू या,” मी म्हटलं. “पुढच्या बाजारापर्यंत थांबा. पण त्या दिवशी टपरीमागे लपायचं नाही. गेटमधून आत यायचं, तिच्यासमोर. आणि जायचंही तिच्यासमोर.”

“आन् ती रडली तर?”

“रडली, अडवलं, तर न्या घरी. मी एका शब्दानं अडवणार नाही.”

ऐटीत बोलून तर गेले. मग पोस्टात न जाता तशीच मागे फिरले. ही मुलगी एकदा वाडीवर गेली की पुन्हा यायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. चांगली तरतरीत पोर, आयुष्यभर खवा घोटेल आणि तिला काय हवं, काय दुखतं, हे तिच्या आईबापापलीकडे कुणाला कधी कळणार नाही. त्यांच्यानंतर तर कुणालाच नाही. माझ्या हातात पुढचा बाजार येईपर्यंतचे दिवस होते.

पुण्याचा डबा मी खाटेखाली सरकवला आणि जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या पाठीवर चित्रं काढायला बसले. म्हैस, दुधाची किटली, पेटलेली भट्टी, कढईत उलथनं फिरवणारा माणूस, खव्याचा गोळा. चित्रकलेत मी कच्ची. म्हैस म्हणजे शिंगं फुटलेलं टेबल झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते टेबल बघून छबू हसली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि मला माझ्या म्हशीचा अभिमान वाटला.

तिनं पानं उचलली आणि जमिनीवर एका ओळीत मांडली. एकदाही अडखळली नाही. मी मुद्दाम भट्टी आणि म्हैस यांची अदलाबदल केली तर माझ्या हातावर चापट बसली. मग ती थांबली. ओळीच्या शेवटी खव्याच्या गोळ्यापुढे बोट ठेवून माझ्याकडे बघू लागली. पुढे काय? मी खव्याची पाटी, म्हणजे टोपली, घेऊन निघालेला माणूस काढला. तिनं मान हलवली, नाकाखाली बोट फिरवलं. मी मिशी काढली. मिशी बरीच लांब झाली, पण ती चालली.

आणि मग तिनं माझ्या हातातला रंगीत खडू घेतला, नवं पान ओढलं आणि स्वतः काढू लागली. तोच माणूस, तीच मिशी, फक्त पाटी रिकामी. ते पान तिनं भरल्या पाटीच्या शेजारी ठेवलं आणि त्यावर तळहात दाबून बसून राहिली.

बाप भरली पाटी घेऊन जातो आणि रिकामी पाटी घेऊन परत येतो. वाडीवर हे ती कायम बघत होती. म्हणजे गेल्यावर येणं असतं, हे तिला ठाऊक होतं. फक्त तो इथून गेलेला तिला कुणी दाखवलाच नव्हता.

आता अडचण राहिली ती दोन चित्रांमधल्या वाटेची. बाण काढला की नागनाथ मरणार. त्याच दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. सिंधूमावशींची खोली आवारातच होती. दुपारी त्या तांदळाच्या पिठाचं पाणी घेऊन उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. मूठ पिठात बुडवायची, जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे की झालं पाऊल. गेटपासून खोलीपर्यंत त्यांनी पावलांची रांग काढत आणली होती.

“पाय संभाळून बाई, वलं हाय,” त्या ओरडल्या.

मी थांबले ते मात्र छबूकडे बघून. ती पेटीवरून उतरली होती. गेटपाशी पहिलं पाऊल होतं, त्याच्या शेजारी तिनं आपलं पाऊल ठेवलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पावलांच्या कडेकडेनं ती थेट मावशींच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि आत मान घालून महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांकडे बोट दाखवून खुदकन हसली. पावलं कुठून निघतात आणि कुठे नेतात, हे तिच्या आईनं घरी अशीच पावलं काढताना तिला न बोलता शिकवलं होतं.

मी मावशींच्या हातातली वाटी जवळजवळ हिसकावलीच.

“आवो बाई, माझ्या देवीचं पीठ हाय ते!”

“तुमच्या देवीला चालेल मावशी. तिला विचारा हवं तर.”

वऱ्हांड्याच्या भिंतीला खालून कमरेएवढा गेरूचा पट्टा होता. त्याच्यावर मी सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगली. आधी आजची शाळा. मग बाजाराच्या दिवसापर्यंत जितक्या रात्री तितक्या खाटा. शेवटी रिकामी पाटी घेतलेला, मिशीवाला बाप. आणि प्रत्येक चित्राखालून पुढच्या चित्राकडे, गेरूवर मुठीची पांढरी पावलं. सगळी मुलं पावलं उठवायला धावली. नागनाथनं तर दोन्ही मुठींनी उठवली. सरांनी कचेरीतून येऊन भिंत पाहिली.

“कुलथेबाई, गेरू गणपतीला दिलाय. नवा आहे.”

“हो सर.”

“बरं,” म्हणून ते परत गेले.

छबूनं शाळेपासून बापापर्यंतची ओळ बोटानं चाचपली. पुन्हा चाचपली. मी रोज निजायच्या वेळी सुतळीवरची एक खाट काढून घ्यायची असं खुणेनं दाखवलं आणि त्या संध्याकाळची खाट तिच्याच हातानं काढवली. तिला कळलं. आनंदानं मला जेवणसुद्धा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता पेटी नेहमीपेक्षा जोरात वाजत गेली. बाहेर येऊन बघते तर सगळ्या खाटा जमिनीवर पडलेल्या. सुतळीवर आजची शाळा आणि तिला खेटून बाप. मध्ये नवीकोरी दोन पावलं, ओली. आणि गेटपाशी पेटीवर छबू, तोंड धुतलेलं, केसांना चप्प तेल, दोन वेण्या स्वतःच घातलेल्या, एक वर एक खाली. चेहरा असा, की आज आपल्याकडे पाहुणे यायचे आहेत.

मावशी पदराआड हसल्या. सरही हसले, मग माझ्याकडे वळले.

“तिनं चित्र पुढं सरकवलं, म्हणजे बाप आज येणार. तुमच्या आकृतीप्रमाणं बरोबरच आहे बाई. आता?”

“मला ठाऊक नाही सर.”

खरंच ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. चित्र सरकवल्यानं दिवस सरकत नाही, हे मी कुठल्या चित्रानं सांगणार होते? मी तिला वर्गात आणलं नाही. बसू दिलं. दिवसभर जीपा आल्या आणि गेल्या. दर जीपेला ती अर्धी उठायची. मी वर्गात काय शिकवलं ते देवाला माहीत, माझी नजर खिडकीबाहेर होती.

संध्याकाळी ती उठून वऱ्हांड्यात आली. मी खांबाशी उभी होते. आता ती बापाचं चित्र फाडणार, असं मला वाटलं. तिनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून एकेक खाट उचलली, झटकली आणि चिमट्यात अडकवली. त्यातली एक हातात ठेवून ती माझ्याकडे आली, माझ्या हातात दिली. ती आजची होती. बापाला तिनं ओळीच्या टोकाला, होता तिथे नेऊन टांगलं. शेवटी फ्रॉकच्या टोकाला थुंकी लावून मधली दोन खोटी पावलं घासून घासून पुसली आणि जेवायला गेली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, मावशींनी मोजल्या.

मावशींना आनंद झाला आणि मला धडकी भरली. कारण आता तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता. त्या जागी तो मिशीवाला आला नाही, तर माझ्या कुठल्याच चित्रावर ही मुलगी पुन्हा डोळे टेकवणार नव्हती.

बाजाराचा दिवस उजाडला. सुतळीवर खाट उरली नव्हती. पेटी गेटपाशी गेली. मी टपरीकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. दुपारी पाहिलं, तरी नव्हतं. छबू मधूनच उठून भिंतीपाशी यायची, चित्र जागेवर आहे ना बघायची आणि परत जाऊन बसायची. ऊन कललं. सर दोनदा गेटबाहेर जाऊन आले आणि दोन्ही वेळा म्हणाले, “चहा घ्यायला गेलो होतो.” त्यांना चहा वर्ज्य होता.

आणि मग माणसं कोंबून नेणारी वडापची एक जीप थांबली, मागच्या फळीवरून अंगद उतरले. तोंडावर उपरणं नाही. हातात पाटी.

छबू उठली. मला वाटलं धावेल, पायांना मिठी मारेल. तिनं तसं काही केलं नाही. गेट उघडून ती बापासमोर गेली, पाटीची कड धरून खाली ओढली आणि आत पाहिलं. पाटी रिकामी होती. तिनं समाधानानं मान हलवली, बापाचा हात धरला आणि त्याला तडक वऱ्हांड्यात भिंतीपाशी आणून त्याच्याच चित्रासमोर उभं केलं. एक बोट चित्रावर, एक बोट बापाच्या छातीवर.

“ह्यो म्या?” अंगद म्हणाले. “माझी मिशी येवढी हाय व्हय, बाई?”

आणि तिथेच खाली बसून त्यांनी लेकीला पोटाशी धरलं.

जायची वेळ झाली तशी ते उठले. छबू मावशींनी दिलेला लाडू खात होती. मावशींनी सवयीप्रमाणं डोळ्यांनी मागचं दार दाखवलं. अंगदनी त्या दाराकडे पाहिलं, मग गेटपाशी असलेल्या पेटीकडे.

“पेटी तयारच हाय की बाई. घिऊनच जातो. न्हाई बघवत.”

“न्या. पण आधी तिला दाखवा, की तुम्ही चाललात.”

रिकामी पाटी उचलून ते छबूसमोर उभे राहिले आणि गेटकडे बोट केलं. छबूचं चावणं थांबलं. ती पाटीकडे बघत राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि लाडू तसाच टाकून आत पळाली.

“बघा,” अंगद म्हणाले, “रडाय लागली.”

ती रडत नव्हती. ती माझ्या वर्गातून म्हैस घेऊन आली होती. मागोमाग किटली, भट्टी, उलथनं, खव्याचा गोळा, भरली पाटी. बापाच्या चित्राच्या पुढे सुतळी मोकळी होती, तिथे तिनं टाचा उंचावून एकेक चित्र टांगलं. आणि मग पिठाची वाटी घेऊन ती खाली बसली. बापापासून म्हशीपर्यंत मुठीची पावलं उठवली. म्हशीपासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून खव्यापर्यंत, खव्यापासून भरल्या पाटीपर्यंत. तिथे सुतळी संपली. तिनं क्षणभर विचार केला आणि पावलं मागे वळवली. गेरूच्या खालच्या कडेनं, सगळ्या चित्रांच्या खालून, ठप ठप ठप उठवत ती उलटी येत गेली आणि पहिल्या जागी, रिकाम्या पाटीच्या मिशीवाल्या बापापाशी येऊन थांबली.

मी सगळ्यांना सरळ ओळ शिकवत होते. तिनं त्या ओळीचं रिंगण करून टाकलं.

अंगदना ते वाचायला मी काही सांगावं लागलं नाही. घरी जा, म्हैस पीळ, खवा कर, पाटी भर आणि इथे ये. ते भिंतीकडे बघत होते आणि मिशीवरून पाणी ओघळत होतं. छबूला ते रडणं काही पटलं नाही. उभं राहून कसं चालेल? दूध नासेल ना! तिनं पांढऱ्या हातांनी त्यांना पाठीमागून ढकलायला सुरुवात केली. ढकलत ढकलत गेटपर्यंत नेलं, बाहेर काढलं, आणि दोन्ही मुठी एकावर एक धरून हवेत जोरात गोल गोल फिरवल्या. जा, खवा घोट.

“येतो गं,” अंगद म्हणाले. ती ऐकू शकत नाही हे ते विसरले होते. “येतो बाई. फुडल्या बाजारी येतोच.”

शर्टाच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे घेऊन ते जीपमध्ये चढले. जीप दिसेनाशी होईपर्यंत छबू बघत होती. मग तिनं गेटची कडी लावली.

त्यानंतर ती पेटीपाशी आली आणि बसली. मावशींनी माझा हात घट्ट धरला. एवढं सगळं होऊन ही पुन्हा रस्त्याकडे तोंड करणार, असंच आम्हा दोघींना वाटलं.

ती थोडा वेळ बसली, उठली, आणि पेटीची कडी धरली.

खर्रर्र.

“अहो बाई! पोरगी निघाली वाटतं!” हलकुडे सर चष्मा कपाळावर, अनवाणी, कचेरीतून धावत आले. मी त्यांना हातानं थांबवलं. पेटी गेटकडून आत येत होती. मुरुमावरून घासत पायऱ्यांपाशी आली. एकेका पायरीवर धडाडधूम चढली. मावशी मदतीला पुढे झाल्या तसे सर म्हणाले, “राहू द्या मावशी. तिची ती आणते आहे.” मैदानात मुलं लंगडी खेळत होती, त्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. आम्ही तिघं मात्र ओळीनं उभे राहून तो कानठळ्या बसवणारा आवाज शेवटपर्यंत ऐकला. वऱ्हांडाभर फरफटत तो आत गेला, खाटेखाली एकदा आपटला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी शाळेची प्रार्थना चांगलीच उशिरा झाली. आम्ही तिघंही उठलोच नाही वेळेवर.